व्यसनामागचं शल्य



आपल्या पाठशाळेतल्या सहा-सात वर्षांच्या लेकरालाही सप्त व्यसनांची नावं पाठ असतात. बोटं मोजत ते म्हणून दाखवतं आणि आपण कौतुकाने खाऊ देतो. अष्ट मूलगुणांतही पहिला त्याग मद्याचाच. दारू आंबवून होते, तिच्यात असंख्य जीवांची उत्पत्ती आणि घात होतो, हे कारणसुद्धा आपल्याला लहानपणीच सांगितलेलं असतं. म्हणून आपल्या घरातला एखादा माणूस दारूला लागला, तर 'हे वाईट आहे' हे त्याला ठाऊक नसतं असं नाही. उलट सगळ्यांत जास्त त्यालाच ठाऊक असतं. मग तरी सुटत का नाही? आज यावर लिहायचं ठरवलं आहे.

हा विषय माझ्या सासरच्या घरातला आहे. माझे एक धाकटे दीर. ज्यांच्याविषयी लिहिते त्यांनीच सांगितलं, "लिहा वहिनी, कोणाच्या तरी कामी येईल. फक्त नाव नको." म्हणून नाव नाही.

आमच्या घरात कांदा-लसूण येत नाही, सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. अशा घरात भाऊजी रात्री मोंढ्यातून पिऊन यायचे. हळदीच्या मोसमात हातात पैसा खेळायचा तेव्हा जास्त. सकाळी उठून अंघोळ करून मंदिरात जायचे, पण अभिषेकाला पुढे व्हायचे नाहीत, मागे खांबाजवळ उभे राहायचे. शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांसमोर एकदा नियम घेतला, तो चार महिने टिकला. चातुर्मासात महाराजांकडे पुन्हा घेतला, तो पर्युषण संपेपर्यंत. तिसऱ्यांदा घेतला तो पंधरा दिवसही नाही. प्रत्येक वेळी नियम मोडला की पिणं आधीपेक्षा वाढायचं. बघणारे म्हणायचे, याला देवाधर्माची लाज नाही. मला तर दिसत होतं की लाज फार होती. तीच सहन होत नव्हती म्हणून पुन्हा बाटली.

एका सकाळी मी मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होते. भाऊजी पायरीवर बसून स्वतःशीच बोलत होते. "ह्याच्या हातात दुकान दिलं तर दोन दिवाळ्यांत कुलूप लागंल. ह्याच्यानं काही व्हायचं नाही." 'माझ्या' नाही, 'ह्याच्या'. शब्द आमच्या मामंजींचे होते, आवाजाचा ढंगसुद्धा त्यांचाच. मामंजी मोठे धार्मिक, समाजात मान होता, पण दहावीत दोनदा नापास झालेल्या या मुलाला गिऱ्हाइकांसमोर ते हेच ऐकवायचे. मामंजींना जाऊन नऊ वर्षं झाली होती. बोलणारा गेला तरी बोलणं मुलाच्या आत चालूच होतं, आणि ते बंद करायचा एकच उपाय त्यांना सापडला होता.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खांत्झियन यांनी 1985 साली हीच गोष्ट मांडली. माणूस नशा नुसत्या मौजेसाठी करत नाही, सहन न होणारी एखादी भावना शमवायला तो नशेचा औषधासारखा वापर करतो. औषध चुकीचं असतं, पण दुखणं खरं असतं. आपल्याकडच्या बायकांनाही हे नवीन नाही. मशेरीची डबी कमरेला लावणाऱ्या म्हातारीला विचारा, कधी सुरू केली? दात दुखत होता म्हणून, असं सांगेल. जरा वेळ बसलात तर कळेल की त्याच वर्षी तिचं काहीतरी मोठं गेलेलं असतं.

आपल्या शास्त्रात यासाठी एक नेमका शब्द आहे, शल्य. म्हणजे काटा. व्रती कोणाला म्हणावं हे सांगताना तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वामी म्हणतात, जो शल्यरहित आहे त्याला. शास्त्रात शल्यं तीन, माया, मिथ्यात्व आणि निदान, आणि त्यांचा अर्थ खोल आहे. पण आपल्यासारख्या गृहिणींना एवढं तरी त्यातून घेता येतं की नुसता नियम घेतल्याने कोणी व्रती होत नाही, आधी आतला काटा निघावा लागतो. भाऊजींची माया म्हणजे रोजचं खोटं बोलणं, लपवणं. ते लपवणं जाईपर्यंत नियम कितीही वेळा दिला तरी तो कुठे टिकणार?

आता तुमच्यातली एखादी विचारेल, की मग स्वतःला दोष द्यायचाच नाही का? प्रतिक्रमणात आपण आत्मनिंदा करतोच ना? करतो. पण तिची रीत बघा. प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार सांगितले आहेत. त्यातला पहिला आलोचना, म्हणजे गुरूंजवळ जाऊन झालेला दोष सांगणं. भगवती आराधनेत म्हटलं आहे की लहान मूल जसं बरंवाईट सरळ सांगून टाकतं तसं सांगावं. ऐकणारे गुरू असतात. ते दोषाच्या मापाने प्रायश्चित्त देतात. ते पूर्ण केलं की विषय संपला. आणि नऊ प्रकारांतला शेवटचा कोणता? उपस्थापना, म्हणजे पुन्हा दीक्षा देऊन संघात घेणं. सगळ्यांत मोठ्या दोषाच्या शेवटीसुद्धा परत घेण्याची सोय ठेवली आहे.

पायरीवर बसून स्वतःला कोसणं यात बसत नाही. तिथे ऐकणारं कोणी नाही, माप नाही, आणि त्याला शेवटही नाही. रोज रात्री तेच दुःख घोळवत बसणं याला आपल्याकडे आर्तध्यान म्हणतात आणि ते अशुभ मानलं आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून आपली फसगत होते. पश्चात्ताप होतोय, म्हणजे सुधारेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात एकाने कर्माची निर्जरा होते आणि दुसऱ्याने नवीन बंध पडतो.

1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि आता आपल्या महाराष्ट्रातही गावोगावी बैठका घेणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या बारा पायऱ्या मी वाचल्या तेव्हा नवल वाटलं. त्यातही आपल्या दोषांची न घाबरता यादी करायची असते, ती दुसऱ्या एका माणसासमोर बोलून दाखवायची असते, आणि ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करायची असते. ऐकणारा माणूस समोर हवा, हे त्यांनाही कळलं. पुण्यात 1986 साली डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथे काम करणाऱ्यांत कितीतरी जण स्वतः एकेकाळी व्यसनात होते. व्यसनी माणसाला गुन्हेगार न समजता आजारी माणूस समजायचं आणि मायेने वागवायचं, हा तिथला पाया. रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गटही तिथे आहे.

बायकांचा वेगळा गट कशाला, हे मला जाऊबाईंकडे बघून कळलं. नवरा पितो आणि ती म्हणायची, "ताई, माझंच काही कमी पडलं असंल." तिने आयंबिल केलं, उपवास केले, रस सोडले. तपाला मी कधी नाही म्हणणार नाही. पण ती जेवण सोडत होती ते स्वतःला शिक्षा म्हणून. एके दिवशी ती म्हणाली, "हे काल म्हणाले, मी नसलो तर तुम्ही सुखात राहाल." ते ऐकल्यावर मी दुसऱ्या कशाची वाट पाहिली नाही. दोघींनी मिळून डॉक्टरांना गाठलं. असं वाक्य घरात कोणी बोललं तर ते नशेतलं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. त्या माणसाला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती प्रत्येकीने लक्षात ठेवावी. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून एकदम दारू तोडू नये. झटके येतात, भ्रम होतो, जीवावरही बेतू शकतं. हात थरथरणं, घाम, झोप उडणं ही त्याची सुरुवात असते. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

भाऊजी केंद्रात राहून आले. त्यानंतर दिवाळीत एकदा घसरले. त्या रात्री घरात पुन्हा तेच बोलणं सुरू होणार होतं. मी एवढंच विचारलं, "भाऊजी, आज काय झालं?" बराच वेळ गप्प बसले, मग सांगितलं. लक्ष्मीपूजनाला चोपड्या मांडताना मामंजींच्या अक्षरातलं जुनं पान निघालं होतं. दुसऱ्या दिवशी स्वतःच समुपदेशकाला फोन केला. त्याला आता चौदा महिने झाले. पुढचं मी सांगू शकत नाही, पण गेल्या दशलक्षण पर्वात त्यांनी अभिषेकाचा कलश हातात घेतला.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आणि स्थितीकरण ही दोन अंगं शेजारी शेजारी आहेत. दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर न मांडणं आणि डगमगणाऱ्याला पुन्हा स्थिर करणं. स्थितीकरणासाठी वारिषेण मुनींची कथा सांगतात. मित्र पुष्पडाल मुनी झाला होता, पण मन मागे राहिलेल्या बायकोत अडकलेलं. वारिषेणांनी त्याला शिव्याशाप दिले नाहीत. त्याला घेऊन ते आपल्याच राजवाड्यात गेले, आपण काय सोडून आलो ते दाखवलं, आणि त्याचं मन ठिकाणावर आणलं. एक मात्र ध्यानात घ्या, दोष झाकणं म्हणजे आजार लपवणं नव्हे. गावभर बोलायचं नाही, पण डॉक्टरांपुढे काही दडवायचं नाही.

जिथे जाणं जमत नाही तिथे फोन तरी करा. टेली मानसचा 14416 आणि व्यसनमुक्तीसाठीचा 14446 हे दोन्ही सरकारी नंबर आहेत, पैसे लागत नाहीत. घरातल्या बाईनेही स्वतःसाठी फोन करायला हरकत नाही.

आणि क्षमावाणीच्या दिवशी आपण चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या सगळ्या जीवांना क्षमा करतो, मुंगीलाही वगळत नाही. त्या सगळ्या जीवांत आपला स्वतःचा जीवही धरलेला आहे. जाऊबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग रडल्या. तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल तर तिलाही सांगा.

जय जिनेंद्र.