फटीचा हिशोब

डायवर, म्हणजे दाताच्या साच्यावर, कॅप घट्ट सरकली की मला समाधान वाटतं, आणि त्या समाधानात हाताचा अहंकार आहे हे मी मान्य करतो. फट राखणाऱ्या लेपाचे, म्हणजे डाय स्पेसरचे, किती हात द्यायचे हे आजवर बोटं ठरवत आली. आता झिरकोनिया कोरण्याआधी संगणक सिमेंटच्या फटीचा आकडा मागतो. आकडा लिहायचा म्हटलं की फिटिंगबद्दलची आपली समजूत उघडी पडते. माझ्या मते चांगल्या फिटिंगला फट लागतेच. ती कुठे आणि किती, यातच कारागिरी आहे.

इंजिनिअर हे उघडपणे मानतात. 25 मिलिमीटरच्या भोकात शाफ्ट सहज फिरायला हवा असेल तर ते ड्रॉइंगवर एच7/जी6 लिहितात, म्हणजे 7 ते 41 मायक्रॉनची मोकळीक आधीच मंजूर. दाताच्या भिंती कललेल्या, त्यामुळे आपला हिशोब अधिक कडक. प्रत्येक भिंत 3 अंश कललेली आणि कॅप तिला पूर्ण टेकलेली धरा. मध्ये 25 मायक्रॉन सिमेंट अडकलं, तर कॅप सुमारे 480 मायक्रॉन वर उचलली जाते. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी 1971 साली मार्जिनच्या, म्हणजे कॅपच्या कडेच्या, फटीची मर्यादा 120 मायक्रॉन मांडली; भिंतीवरच्या घट्टपणाच्या हौसेपायी आपण तिच्या चौपट फट मार्जिनवर उघडतो, जिथे सिमेंट झिजतं आणि कीड शिरते. भिंतीवर स्पेसर द्यायचा, पण मार्जिनच्या अलीकडे थांबवायचा, तो याचसाठी.

यावर मोर्स टेपरचा दाखला दिला जातो: ड्रिलचा शँक घट्टपणावरच टिकतो, इम्प्लांटचे काही जोडही तसेच. खरं आहे, पण तिथे धातूला धातू भिडतो, मधून काही बाहेर पडायचं नसतं. कॅपखालच्या सिमेंटला वाट हवी. मोकळीक दिली तर पकड जाईल ही भीतीही अर्धीच खरी, कारण पकड मुख्यतः भिंतींच्या उंचीवर आणि कलावर ठरते. आखूड, फार निमुळत्या दाताला घट्ट कॅपही वाचवत नाही. म्हणून सगळ्या केसेसना एकच आकडा लावणाऱ्या लॅबचा मला राग येतो. शिवाय कॅप कोरणारं मिलिंगचं बर स्वतःच्या त्रिज्येपेक्षा बारीक कोपरा कोरू शकत नाही. दाताची कड धारदार असेल तर तिथे फट वाढवावीच लागते. डाय हातात फिरवून, प्रत्येक कड पाहून ज्याने केस वाचली आहे, त्यानेच तो आकडा लिहावा.