आजीची उजळणी

फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या हिमस्खलनात दहा जवान गेले. त्यांत आमच्या माण तालुक्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशीही होते. त्यामुळे सांगलीच्या नातीने हिमालयात हिवाळी ट्रेकचा बेत सांगितला, तेव्हा मी साताऱ्याहून साफ नकार कळवला. ती वाद न घालता वही घेऊन दारी आली. “आजी, माझी उजळणी घे.”

३० ते ४५ अंशांचा उतार सर्वांत घातक; ताज्या हिमवृष्टीनंतर तर अधिकच. तो ओलांडावाच लागला, तर एकेकाने, इतरांनी नजर ठेवून. प्रत्येकापाशी संकेत देणारे-घेणारे यंत्र, शोधकाठी आणि फावडे हवे. गाडलेला माणूस पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो. पुढे आशा झपाट्याने मावळते. म्हणजे वाचवणार ते सोबतीच! मी वही मिटून विचारले, “तुझ्या सोबत कोण?”

“तिघी मैत्रिणी.”

“त्यांना हे येते?”

ती गप्प राहिली.

परवा तिचा फोन आला. मागून आणलेले यंत्र वाळूच्या ढिगात पुरून चौघी शोधत होत्या. बावीस मिनिटे लागली म्हणे. “इतक्यात जात नाही, आजी.”

उद्या मी घड्याळ घेऊन सांगलीला निघाले आहे.