आरोग्याच्या आकड्यांतून जात कोणी पुसली?

डेटा सायंटिस्ट म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर हिंजवडीतली काचेची इमारत आणि लाखांचे पॅकेज येते. आम्ही तेच काम करतो, पण जिल्ह्याच्या आरोग्य विभागात, एका संस्थेमार्फत, अकरा महिन्यांच्या करारावर. आमचे शिक्षण समाजशास्त्रातले एम.ए. वस्त्यांमध्ये सामाजिक काम करताना एक गोष्ट वारंवार जाणवायची. आम्ही दुःख सांगायचो आणि समोरचा अधिकारी आकडा दाखवायचा. त्या आकड्यापुढे आमचे बोलणे संपायचे. म्हणून आम्ही आकडा शिकायचे ठरवले. आधी एक्सेल, मग आर आणि पायथन. आज त्याच आकड्यांच्या आतल्या खोलीत बसून जे दिसते, ते चळवळीतल्या तरुणांपुढे मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

सार्वजनिक आरोग्याचा आकडा तयार कसा होतो, ते आधी समजून घेऊ. आशाताई घरोघरी जाऊन वहीत नोंद करते. ती नोंद उपकेंद्राच्या सिस्टरकडे रजिस्टरमध्ये जाते. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला. कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर ती संगणकात भरतो आणि केंद्र सरकारच्या एचएमआयएस या प्रणालीत ती जमा होते. ही प्रणाली २००८ पासून चालू आहे. गरोदर मातेच्या नोंदीत तिचा जात-प्रवर्ग लिहायला जागा असते. पण दरमहा वर जाणाऱ्या अहवालात संस्था, महिना आणि संख्या एवढेच उरते. खाली लिहिलेली जात वर जाता जाता गळून पडते.

एका आढावा बैठकीत आम्ही सुचवले की लसीकरणाचे आकडे वस्तीनिहाय आणि प्रवर्गनिहाय काढून पाहू. उत्तर आले, "आरोग्यात जात कशाला आणता? आम्ही सगळ्यांना सारखेच बघतो." बोलणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याला खरेच तसे वाटत होते. पण 'सारखे बघणे' म्हणजे काय, हे एका साध्या गणिताने कळते.

समजा, एका गावात लसीच्या वयाची १०० मुले आहेत. ८० गावठाणातली, २० बौद्धवाड्यातली. गावठाणातल्या ८० पैकी ७६ मुलांना सर्व लसी मिळाल्या. बौद्धवाड्यातल्या २० पैकी फक्त ९ मुलांना. गावाचा एकूण आकडा किती? ८५ टक्के. डॅशबोर्डवर गाव हिरवे दिसणार, अधिकाऱ्याचे कौतुक होणार. आता वेगळे करून पाहा. गावठाण ९५ टक्के, बौद्धवाडा ४५ टक्के. सरासरी काढण्यात कोणी खोटे बोलले नाही, एकही नोंद बनावट नाही, तरीही २० पैकी ११ मुले हिरव्या रंगाखाली गाडली गेली. जातीचा रकाना काढल्याने जात गेली नाही, फक्त ती दिसायची बंद झाली.

मोठ्या सर्वेक्षणांचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ७ लाख २४ हजारांहून अधिक महिलांच्या मुलाखती झाल्या. त्यात अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी अशी विभागणी आहे आणि ती देश व राज्याच्या अहवालात सापडते. पण जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर असते ते जिल्ह्याचे तथ्यपत्रक, आणि त्यात जात नसते. याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के झाले. प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात हा आकडा कमी व्हायला हवा होता. तो कोणाच्या घरात वाढला, हे ज्या पातळीवर निर्णय होतो तिथे कळत नसेल, तर पैसा नेमका कुठे खर्च करणार?

आता आपल्याच बाजूचा एक आकडा घेऊ. दलित स्त्री उच्चजातीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षे लवकर मरते, हे वाक्य भाषणांतून, पोस्टरांवरून सगळ्यांनी ऐकले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 'यूएन विमेन'च्या २०१८ च्या अहवालामुळे ते जगभर गेले. पण हा फरक मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयाचा आहे, आयुर्मानाचा नाही. ज्या समाजात लहान मुले आणि तरुण जास्त, तिथे होणाऱ्या मृत्यूंमध्येही कमी वयाचे मृत्यू जास्त असतात आणि सरासरी आपोआप खाली येते. म्हणून दोन समाजांची तुलना करताना आयुर्मानच वापरावे लागते. विरोधकाला ही खोच ठाऊक असेल, तर तो आपला सगळा मुद्दाच उडवून लावतो.

मग आयुर्मान काय सांगते? संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान अशा नऊ राज्यांतील सुमारे दोन कोटी लोकांच्या सरकारी सर्वेक्षणाची माहिती त्यांनी वापरली. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक, दलितांचे तीन वर्षांहून अधिक आणि मुस्लिमांचे सुमारे एक वर्षाने कमी निघाले. १४.६ च्या पुढे तीन हा आकडा लहान वाटेल. पण या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. आर्थिक स्थितीतला फरक हिशेबात धरला तरी ही तफावत निम्म्याहूनही कमी समजावता येते. "हा जातीचा नाही, गरिबीचा प्रश्न आहे" असे म्हणणाऱ्यांना दिलेले हे आकड्यातले उत्तर आहे. उरलेली तफावत पैशाने भरून निघत नाही. आमच्या मते तिथे वस्तीचे गावकुसाबाहेर असणे आहे, सिस्टर उंबऱ्याबाहेरूनच चौकशी करून परत जाणे आहे आणि ओपीडीतला 'तू-तुकारा' आहे. घोषणेतला मोठा आकडा टाळ्या मिळवतो, पण खरा आकडा वादात टिकतो. चळवळीला दुसरा हवा.

आता सगळीकडे एआयची हवा आहे. कोणती गर्भवती जोखमीची, कोणत्या गावात टीबी वाढणार, हे संगणक आधीच सांगेल म्हणतात. आम्ही स्वतः असे अंदाज बांधणारी मॉडेल तयार करतो, त्यामुळे त्यांची भीती वाटत नाही. पण ती कशावर शिकतात ते आम्हाला माहीत आहे. मॉडेल जुन्या नोंदींवर शिकते. जिथे तपासणी झाली नाही तिथे आजाराची नोंद नाही आणि जिथे नोंद नाही तिथे मॉडेलला आजारच दिसत नाही. मग औषधे, फिरती पथके, यंत्रे पुन्हा तिथेच जातात जिथे आधीपासून जात होती.

अमेरिकेत हे सिद्ध झाले आहे. तिथल्या रुग्णालयांत वापरात असलेल्या एका अल्गोरिदमची तपासणी २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आली. अल्गोरिदमला वंश सांगितलेलाच नव्हता. कोणाला जास्त काळजीची गरज आहे हे तो उपचारावर होणाऱ्या खर्चावरून ठरवत होता. कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च होत आलेला, त्यामुळे तेवढेच आजारी असूनही ते त्याला कमी आजारी दिसले. ही चूक दुरुस्त केली तर जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवले. वंशाचा रकाना नसलेले यंत्रही वंशभेद करत होते. "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जात नाही" असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी यावर विचार करावा. शिवाय तिथे चूक पकडता आली, कारण रुग्णांच्या वंशाची नोंद वेगळी उपलब्ध होती. आपल्याकडे तीच नसेल तर चूक पकडणार कशी?

सिकलसेलचे उदाहरण तर आपल्या रक्तातले आहे. १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा झाली. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातील सिकलसेलची नोंद मांडली, त्यात महार, कुणबी आणि तेली समाज होते. म्हणजे विदर्भातल्या आपल्या समाजात हा आनुवंशिक आजार आहे, हे तेव्हापासून छापील स्वरूपात आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे. आदिवासींना तो अग्रक्रम मिळालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण उद्दिष्टाची यादी 'आदिवासी भाग' या चौकटीतून निघाली, की नागपूर किंवा भंडाऱ्याच्या शहरी झोपडपट्टीतला बौद्ध मुलगा त्या यादीत आपोआप येत नाही. त्याचे सांधे दुखतात, पोटात कळा येतात, त्याला रक्त चढवतात, आणि आई त्याला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे नेत राहते.

त्यातून आपली नोंद कशी होते ते पाहा. आमच्याकडे आलेल्या एकाच फाइलमध्ये 'बौद्ध', 'बौध्द', 'नवबौद्ध', 'हिंदू महार' आणि नुसते 'इतर' असे पाच प्रकार होते. माणसाला हे एकच समाज आहेत हे कळते, संगणकाला ते पाच वेगवेगळे गट वाटतात. फाइल साफ करणाऱ्याने एक ओळ लिहायची, की हे सगळे एक. ती ओळ लिहिली नाही तर समाज पाच तुकड्यांत विखुरतो आणि प्रत्येक तुकडा 'दखल घेण्याजोगा नाही' ठरतो. ती ओळ लिहायला त्या खुर्चीवर ज्याला फरक माहीत आहे असा माणूस लागतो. आम्हाला प्रतिनिधित्वाचा अर्थ या कामात पुन्हा नव्याने कळला.

बाबासाहेबांनी ही लढाई फार आधी ओळखली होती. 'फ्रॉम मिलियन्स टू फ्रॅक्शन्स' या लेखनात त्यांनी दाखवून दिले आहे की जोवर अस्पृश्यांच्या संख्येवर कोणाचा हक्क अवलंबून नव्हता, तोवर त्या संख्येला कोणी हरकत घेतली नाही. १९३२ च्या लोथियन समितीपुढे मताधिकार आणि जागांचा प्रश्न आला आणि मग अस्पृश्य अचानक कमी कमी होत गेले. आज आरोग्याच्या डॅशबोर्डवर आपण नाहीसे होतो ते त्याच परंपरेत, फक्त आता हे काम कोणाच्या हेतूशिवायही होते.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. जात आणि आजार एकत्र नोंदले तर त्याचा गैरवापर होणार नाही का? होऊ शकतो. सिकलसेल वाहक असल्याचे कार्ड दिसले म्हणून मुलीचे लग्न मोडण्याची भीती वस्तीत घरोघरी आहे. २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात आरोग्य आणि जात ही 'संवेदनशील' माहिती मानली होती. २०२३ च्या कायद्यात असा वेगळा वर्गच उरला नाही. म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. व्यक्तीचे नाव, जात आणि आजार कुलपात राहावेत, पण समूहाचा आकडा चव्हाट्यावर यावा. आज बरेचदा उलटे घडते. आपल्या बायाबापड्यांची नावे, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात आणि समाजाचा आकडा मात्र गोपनीय असतो.

तेव्हा करायचे काय? ग्रामसभेत आणि गावच्या आरोग्य व पोषण समितीत वस्तीनिहाय लसीकरणाचा आकडा मागा. मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा, पण नावे मागू नका, फक्त संख्या मागा. सिकलसेलची तपासणी आपल्या वस्तीत झाली का, ते पीएचसीत जाऊन विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, प्रमाणपत्रासाठी रुग्णांना मदत करा. २०२७ च्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे. तिथे धर्म बौद्ध आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित जातींच्या यादीतले नाव, दोन्ही नीट लिहिले जाईल याची काळजी घ्या. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना मिळालेला अनुसूचित जातीचा दर्जा मोजणीत दिसला पाहिजे. जात मोडायला निघालेल्यांनी जात का लिहावी, असा प्रश्न कार्यकर्ते विचारतात. ताप मोजल्याशिवाय उतरला की नाही ते कळत नाही, एवढेच आमचे उत्तर.

आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी संख्याशास्त्र शिका. गणित आपल्याला जमत नाही, हे शाळेत आपल्या मनावर बिंबवलेले खोटे आहे. आमच्यासारखे कला शाखेचे लोक तिशीत शिकू शकतात, तर तुम्ही विशीत का नाही? प्रत्येक जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात फाइल साफ करणाऱ्या त्या खुर्चीवर आपला एक तरी माणूस असायला हवा, आणि बाहेर वस्तीत त्याला जाब विचारणारे दहा.

जय भीम!