नको म्हणणारा जोडीदार

मित्राबरोबर मुळशीच्या डोंगरात सायकल चालवायला जाऊन मी जे शिकलो, त्यात गिअर, टायर आणि दमसास यांचा भाग थोडा आहे. तेवढं एकट्यालाही शिकता येतं. जोडीनं गेल्यावरच उमगणारी गोष्ट वेगळी आहे. डोंगरात बरोबरच्या माणसाचा सर्वांत मोठा उपयोग त्याच्या नकाराचा असतो. ‘आता पुढे नको’ असं म्हणण्याचा पूर्ण अधिकार ज्याला आहे आणि तो वापरताना जो संकोचत नाही, असा एक जण सोबत असणं मला हेल्मेटइतकंच आवश्यक वाटतं. हौसेच्या सुट्टीला इतका गंभीर नियम कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर मुळशीच्या भूगोलातच आहे.

आधी रस्त्यावरच्या आणि डोंगरातल्या सायकलिंगमधला फरक पाहू. डांबरी रस्त्यावर जोडीदार थेट पायांना मदत करतो. पुढच्याच्या आडोशानं चालवणाऱ्याला वारा कमी लागतो, त्याची ताकद वाचते. 2015मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पुरी केली, तेव्हा तर ओझं सरळ वाटून घेता येत होतं; एकानं चालवायचं, तेवढ्यात दुसऱ्यानं विसावा घ्यायचा. मुरमाच्या चढावर यातलं काही चालत नाही. तिथे वेग इतका कमी असतो की वाऱ्याचा आडोसा घेऊन फरक पडत नाही, आणि सुट्या दगडांवरून मागचं चाक घसरतं तेव्हा ज्याचं त्यालाच सावरावं लागतं. मग जोडीदार कशासाठी? पाहण्यासाठी. दमलेल्या माणसाची नजर पुढच्या दहा फुटांवर खिळलेली असते. आपण किती दमलो आहोत हे त्याला स्वतःला सर्वांत शेवटी कळतं. मागच्याला मात्र ते आधीच दिसतं: चाक सरळ रेषेत चालत नाही, ब्रेक उशिरा दाबला जातो, पाणी प्यायला हात बाटलीकडे जात नाही.

मुळशीत या नजरेची किंमत वाढते. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड इथपर्यंत पंक्चरचं दुकान, चहा, दवाखाना, वाहन सगळं हाताशी असतं. धरण ओलांडलं की चित्र बदलतं. टाटांच्या या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि मावळातल्या शेतकऱ्यांनी 1921 ते 1924 सत्याग्रह केला, तरीही धरण झालं आणि खोऱ्यातली सुपीक जमीन पाण्याखाली गेली. गावं वर सरकली आणि पाणी दरीदरीत घुसून जलाशयाला असंख्य फाटे फुटले. त्यामुळे समोरच्या काठावरची वाडी डोळ्यांना जवळ दिसते, पण तिथे पोहोचायचं तर अख्ख्या फाट्याला वळसा घालावा लागतो. निव्यापासून भांबर्डे, सालतर खिंडीमार्गे लोणावळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तर मोबाइलची रेंज येते आणि जाते. अशा ठिकाणी मनगट मोडलं किंवा चेन तुटली, तर मदत किती लांब आहे याचा हिशेब नकाशावरच्या सरळ अंतरानं करता येत नाही. त्यात पावसाची भर. 25 जुलै 2024च्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत मुळशीतल्याच ताम्हिणी घाटात 556 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. पुणे शहरात वर्षभरात सरासरी पडतो त्याच्याशी हा आकडा ताडून पाहिला, की पुण्याच्या आभाळावरून ताम्हिणीचा अंदाज बांधणं किती फसवं आहे ते कळतं.

पण सर्वांत महत्त्वाचा पुरावा उताराचा आहे. ज्या उंचीवरून मुळशी धरणाचं पाणी खाली सोडून 1927पासून कोकणातल्या भिऱ्याला वीज काढली जाते, तीच उंची घाटमाथ्यावरून कोकणाकडे निघालेल्या सायकलस्वाराच्या पुढ्यात असते. चढताना परत फिरणं स्वस्त असतं, कारण परतीला उतारच मिळतो. ताम्हिणीच्या माथ्यावरून विळ्याकडे उतरू लागलं की हिशेब उलटा होतो. प्रत्येक वळणागणिक परतीचा चढ वाढत जातो, आणि नेमकं त्याच वेळी शरीराला वाटत असतं की आपण मजेत आहोत. म्हणजे नकार द्यायची खरी जागा माथा असते, आणि माथ्यावर तर नकार कुणालाच सुचत नाही. हा मोह या खेळाच्या जन्मापासूनचा आहे. कॅलिफोर्नियात 1976मध्ये मित्रांच्या एका टोळक्यानं जुन्या जडशीळ सायकलींवरून डोंगर उतरण्याची शर्यत लावली, तिचं नाव ‘रीपॅक’. ब्रेक इतके तापत की मागच्या चाकातलं ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्यानं भरावं लागे. आज डिस्क ब्रेक आहेत, पण सतत दाबून धरले तर तेही तापतात आणि पकड कमी होते.

यावर एक आक्षेप जोरदार आहे. दोघे असले म्हणून शहाणपण दुप्पट होतं कशावरून? एकमेकांच्या भरीला पडून धाडस वाढण्याचीच शक्यता जास्त. हे खरं आहे. 1961मध्ये जेम्स स्टोनर या अमेरिकन संशोधकाला असं आढळलं, की माणसं एकेकट्यानं ठरवतात त्यापेक्षा गटात चर्चा करून अधिक जोखमीचा निर्णय घेतात. मित्रासमोर कच खाल्ली असं दिसू नये, ही भावना त्यात मिसळली की काम आणखी अवघड होतं. पण यातून एकट्यानं जावं असा निष्कर्ष निघत नाही. नकाराची चर्चा होऊ नये, एवढाच निघतो. म्हणून आमचा नियम पौडच्या पुढे जाण्याआधीच ठरलेला असतो: दोघांपैकी एकानं ‘नको’ म्हटलं की विषय संपला. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही, रात्री जेवताना टोमणाही मारायचा नाही. चर्चा धाडसाकडे झुकत असेल, तर चर्चेलाच जागा ठेवायची नाही.

दुसरा आक्षेप असा, की मग मोठा गट बरा. मदतीला माणसं जास्त म्हणून तो खरोखर बरा असतो, पण गटात सर्वांत मागच्याचे हाल होतात. पुढचे थांबतात, दम खातात, आणि तो पोहोचला की ‘चला’ म्हणतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही, आणि दहा जणांसमोर ‘मला जमत नाही’ म्हणायलाही तोच सर्वांत जास्त लाजतो. दोघांतही हे होऊ शकतं, पण उपाय सोपा आहे. थांब्याची वेळ मागचा पोहोचल्यावर मोजायची आणि पुन्हा निघायचं कधी ते त्यानंच सांगायचं. दिवसाचा पल्लाही त्याच्या पायांवरून ठरवायचा. तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा: एकट्याला हवं तिथे जाता येतं, फोनवर नकाशा असतोच. नकाशा वाट दाखवतो, पण ती कालच्या पावसात वाहून गेली आहे का आणि तुमचे पाय कापताहेत का, हे त्याला ठाऊक नसतं.

तेव्हा अशा सुट्टीसाठी मित्र निवडताना त्याची सायकल किती महागाची किंवा मांड्या किती भक्कम, हे मी पाहत नाही. ठरलेला सिनेमा आयत्या वेळी रद्द केला तर तो रुसतो का, हे पाहतो. जो रुसत नाही, त्याच्यासमोर माथ्यावरही ‘नको’ म्हणता येतं.