काळ्याचे करडे

माणसाचे केस काळ्याचे पांढरे होतात यात कोणास नवल वाटत नाही. किंबहुना कचेरीत त्या पांढरेपणास थोडीफार ज्येष्ठता मिळते. मोटारीच्या काळ्या भागांचे दैव तसे नाही. रंगवलेला पत्रा वर्षानुवर्षे उन्हात उभा राहूनही थोड्याशा पॉलिशने उजळतो. परंतु बंपर, दारांवरच्या पट्ट्या, आरशांची टोपणे आणि वायपरखालची जाळी ही राखेसारखी करडी पडतात आणि त्यांच्यापायी सगळी गाडी म्हातारी दिसू लागते. अँबॅसडर आणि फियाटच्या काळी हा प्रश्न नव्हता. त्यांचे बंपर पोलादी, क्रोमचा मुलामा दिलेले. ते गंजत, पण करडे होत नसत. 1980 नंतरच्या दशकात मारुतीच्या छोट्या गाड्या आल्या आणि काळे प्लॅस्टिक घरोघर पोचले. त्यातही श्रेणी आहेच. एकाच गाडीच्या महाग नमुन्याला दाराच्या मुठी गाडीच्या रंगाच्या, स्वस्त नमुन्याला काळ्या! मालकाची वेतनश्रेणी मुठीवरून ओळखावी अशी ही व्यवस्था ज्याने काढली, तो पूर्वजन्मी आस्थापना शाखेत असला पाहिजे.

आमची गाडी काळ्या मुठींचीच. 2014 साली पुण्यात घेतली, एम एच 12 म्हणून आमच्या मागोमाग जयपुरास आली आणि बारा महिन्यांच्या कायद्याने यथाकाल आर जे 14 झाली. सरकारी वसाहती बांधल्या गेल्या तेव्हा बहुतेकांच्या दाराशी सायकल असे. मोटारीला छप्पर लागेल हे नकाशात नव्हते. त्यामुळे गाडीची डावी बाजू कडुलिंबाच्या सावलीत आणि उजवी बाजू राजपुतान्याच्या उन्हात, अशी तिची वर्षे गेली. डावी बाजू अजून पुण्याची दिसे. उजवी मात्र पुरती परमुलुखाची झाली होती.

आमची बदली गुवाहाटीला झाली आणि गाडी विकायचे ठरले. घेणारा आमच्याच कचेरीतील, पण दुसऱ्या शाखेतील एक तरुण लिपिक. त्याच्या घरातली ही पहिलीच मोटार. किंमत ठरायची होती. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थाने आम्हांस एकान्तात सल्ला दिला, की गिऱ्हाईक येईल त्या सकाळी सिलिकॉनचा चकचकीत द्रव बोळ्याने फिरवावा आणि दहा हजार अधिक सांगावे. सौभाग्यवती दाराआडून ऐकत होत्या. ते गृहस्थ गेल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, तो मुलगा पहिल्या पावसात आपल्याविषयी काय म्हणेल?"

पाऊस जुलैत येतो आणि आमचे तिकीट जूनचे होते. तो काही म्हणालाच असता तर आमच्या कानी ते पडणार नव्हते. म्हणूनच तो प्रश्न मनातून जाईना.

मग आम्ही या करडेपणाचे मूळ शोधू लागलो. प्लॅस्टिकचा काळा रंग म्हणजे आत मिसळलेली काजळी. डोळ्यांत घालतात त्याच कुळातली. ती उन्हाने विटत नाही. उलट ऊन स्वतः झेलून प्लॅस्टिकला जपते. झिजते ते भोवतालचे प्लॅस्टिक. उन्हातील अतिनील किरण त्याच्या लांब साखळ्या तोडतात, पृष्ठभागी डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा पडतात, कठीणपणासाठी घातलेले शंखजिरे उघडे पडते आणि त्या खडबडीत थरावर प्रकाश विखुरतो. लहानपणी पाटी ओल्या फडक्याने पुसली की काळीभोर होई आणि वाळता वाळता करडी, तसेच हे. बंपरवर तांब्याभर पाणी ओतून पाहावे. तो क्षणभर नवा होतो. पाणी भेगा भरते म्हणून काळा, आणि उडून जाते म्हणून पुन्हा करडा. खोबरेल, डिझेल, सिलिकॉन ही सारी अंमळ अधिक टिकणारी पाणीच म्हणायची.

टिकाऊ उपाय दोन सापडले. काचांना फिल्म लावणाऱ्या कारागिराजवळ गरम हवेची बंदूक असते. त्याने शेजारच्या रंगावर चिकटपट्टी लावली, बंदूक एका जागी न थांबवता उजव्या आरशाच्या टोपणावरून फिरवली आणि करड्यातून काळा पट्टा आमच्या देखत उमटत गेला. सुमारे 160 अंशांवर हे प्लॅस्टिक वितळते. वरची कातडी वितळून भेगा मिटतात. किती दिवस टिकेल, असे विचारता तो प्रामाणिकपणे म्हणाला, "दिवाळीपर्यंत." शिवाय हा प्रयोग फार वेळा करता येत नाही, प्लॅस्टिक प्रत्येक खेपेस अधिक ठिसूळ होते. उरलेल्या खेपा नव्या मालकाच्या, असे आम्हांस वाटले.

दुसरा उपाय बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा. बॅटला जवसाचेच तेल पाजतात, तो त्याचा कच्चा भाऊ. हे तेल उडून जात नाही. हवेतील प्राणवायू घेऊन भेगांतल्या भेगांत घट्ट होते. परकोट्यातल्या एका रंगाच्या दुकानातून बाटली आणली. साबण आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन अर्धा रविवार नुसते धुण्यात गेला. कणीत अडकलेले जुने पांढरे पॉलिश निघता निघेना. पुरते वाळल्यावर तेलाचा पातळ हात, जास्तीचे पुसून घेणे, आणि मग दोन दिवस गाडीला हात न लावणे. तिसऱ्या दिवशी आम्ही तिच्यावर बादली ओतली. काळेपणा हलला नाही.

उजवीकडच्या मागच्या दाराची पट्टी मात्र आम्ही मुद्दाम तशीच ठेवली.

आचरण नियमांप्रमाणे जंगम मालमत्तेच्या विक्रीची जी माहिती कचेरीस द्यावी लागते, तीत किंमत येते, घेणाऱ्याचे नाव येते. गाडी मुळात कशी दिसत होती याला रकाना नाही. तो रकाना म्हणजे ती पट्टी. मुलगा वडिलांना घेऊन आला तेव्हा त्याची नजर प्रथम तिच्यावरच गेली. आम्ही सर्व सांगितले: सगळी उजवी बाजू अशीच होती, हे तेल आहे, वर्ष-दीड वर्षाने पुन्हा लावावे लागेल. वडील काही न बोलता पट्टीवरून अंगठा फिरवीत राहिले, मग शेजारच्या दारावरून. आम्ही सांगितलेल्या किमतीतून त्यांनी पाच हजार कमी केले. आम्ही मान्य केले.

किल्ली घेतल्यावर मुलाने उरलेले तेल मागितले. सौभाग्यवतींनी बाटली दिली, सोबत आमच्या जुन्या बनियनचे दोन तुकडे दिले, आणि फाटकापर्यंत मागोमाग जाऊन आपल्या हिंदीत बजावले, की तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस, आपोआप पेट घेते. पाण्यात बुडव, नाहीतर दोरीवर पसरून वाळव. तो "जी आंटी" म्हणाला. ती राहिलेली पट्टी त्याने आमच्या फाटकासमोरच, वडील गाडीत बसून वाट पाहत असताना, रंगवायला घेतली.