मुद्देमालाचे चित्र

वन्यप्राण्यांची चित्रे विकावीत आणि त्या पैशातून तस्करांच्या किंवा विहिरीच्या तावडीतून सोडवलेल्या प्राण्यांचा सांभाळ व्हावा, असा प्रस्ताव घेऊन येणारी मंडळी प्रशासनात अधूनमधून भेटतात. कधी चित्रकार असतात, कधी शाळेचे शिक्षक. प्रस्ताव चांगलाच असतो. अडचण चित्रांची नसते, पैशाच्या वाटेची असते.

कामानिमित्त लखनौला गेलो असताना कुकरैलच्या वनात जाण्याचा योग आला. तेथे १९७५ पासून घडियाल, म्हणजे लांब चिंचोळ्या जबड्याच्या सुसरी, अंड्यांतून वाढवून नद्यांत सोडतात. त्याच परिसरात गोड्या पाण्यातील कासवांचेही काम चालते. उत्तर प्रदेशात कासवांची तस्करी किती मोठी आहे याची कल्पना आपल्याकडे फारशी नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेठी जिल्ह्यात तेथील पोलिसांच्या विशेष कृती दलाने एकाच छाप्यात ६,४३० कासवे पकडली. वजन चार टनांहून अधिक. वृत्तपत्रांत पोत्यांची छायाचित्रे आली.

छाप्याची बातमी होते. पुढचे कोणी विचारीत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार असा प्राणी शासनाची मालमत्ता होतो, आणि खटल्याच्या दृष्टीने तो मुद्देमाल. फरक एवढाच की जप्त केलेली मोटारसायकल पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडली तरी तिला दाणापाणी लागत नाही. कासवाला पाणी, खाद्य, औषध लागते, आणि नदीत सोडण्याआधी न्यायालयाची परवानगीही लागते. जायबंदी बिबट्या असेल तर तो पुढे दहा-पंधरा वर्षे खात राहतो. छाप्यासाठी वाहन व इंधन यांची तरतूद असते. पंधरा वर्षांच्या मांसाची तरतूद दरवर्षी नव्याने मागावी लागते.

येथे चित्राचा उपयोग आहे, आणि तो केवळ सजावटीचा नाही. प्राणिसंग्रहालयातील प्राणी लोकांना दिसतो, म्हणून लखनौच्या संग्रहालयासारख्या ठिकाणी प्राणी दत्तक घेण्याची योजना चालते. सुटका केंद्रे मात्र सहसा प्रेक्षकांसाठी खुली नसतात, आणि तसेच असले पाहिजे. मग न दिसणाऱ्या प्राण्यासाठी पैसे कोण देणार? त्याचे चित्र हाच देणगीदाराला दिसणारा त्याचा चेहरा.

चित्राने किती साधते याचे मोठे उदाहरण भारताशीच निगडित आहे. इंग्रज चित्रकार डेव्हिड शेफर्ड यांच्या ‘टायगर फायर’ या चित्रातून १९७३ मध्ये सव्वा लाखाहून अधिक पौंड उभे राहिले व ते भारतातील व्याघ्रसंरक्षणाला मिळाले. अर्थात तो वाघ होता. वाघाला चित्रकारही मिळतो आणि कायदाही. २००६ च्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी प्रतिष्ठानाची तरतूद झाली, त्यामुळे ताडोब्याला मिळालेली देणगी ताडोब्यासाठी खर्च करता येते. कासवाला असे प्रतिष्ठान नाही.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो ते मी पाहिले आहे. एका जिल्ह्यात शाळकरी मुलांनी विहिरीतून काढलेल्या बिबट्यासाठी चित्रे विकून साडेअकरा हजार रुपये जमवले. स्वीकारायचे कोणत्या शीर्षाखाली, याचा पत्रव्यवहार दोन महिने चालला. अखेर ते चलनाने कोषागारात जमा झाले. शासनाच्या खजिन्यात गेलेला पैसा विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय बाहेर येत नाही. हा नियम योग्यच आहे, तो शिथिल करा असे मी कधीही म्हणणार नाही. पण त्या साडेअकरा हजारांतले मांस त्या बिबट्यापर्यंत पोचले नाही. पुढल्या वर्षी त्या शाळेने चित्रे काढली नाहीत.

म्हणून माझ्याकडे प्रस्ताव आला की मी आधी चित्रे पाहत नाही. नोंदणीकृत संस्था कोणती, खाते स्वतंत्र आहे का, लेखापरीक्षण कोण करणार, पावतीवर कोणता प्राणी व कोणता खर्च लिहिणार, हे विचारतो. मंडळींना ते रुक्ष वाटते.

दुसरी गोष्ट चित्रकारांसाठी. लखनौमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लोद मार्तँ या फ्रेंच गृहस्थाने, ज्याच्या मृत्युपत्रातून तेथील ला मार्टिनियर शाळा उभी राहिली, स्थानिक चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रे काढून घेतली. त्यात शिंपला-गोगलगायींवर जगणारा मुग्धबलाकही आहे. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावेदेखील उरली नाहीत, पण एका सामान्य करकोच्याकडे त्यांनी पाहिले ते नबाबाच्या हत्तीकडे पाहावे तसे. आजच्या प्रदर्शनांत मात्र दहापैकी सात चित्रे वाघाची असावीत असे मला नेहमी वाटते. पोत्यात सापडणारे कासव काढायला बसलेला चित्रकार मला अजून भेटायचा आहे. भेटला, तर खात्याचे कागद मी स्वतः तयार करून देईन.