रिकामे रकाने

इलेक्टिव्हचे चार आठवडे मी मुंबईतल्या एका क्षयरोग प्रयोगशाळेत काढले. मराठवाड्यातून निघताना मित्रांना सांगून आलो होतो, पेपर घेऊनच परततो. लोवेन्स्टाइन-जेन्सन माध्यमावर जंतू उगवले नाहीत असं म्हणायला आठ आठवडे थांबावं लागतं, हे मी तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितलं होतं. चार आठवड्यांच्या मुक्कामात त्याचं काय करायचं, हा हिशेब मात्र सुचला नाही.

सरांनी काम सोपं दिलं. गेल्या काही महिन्यांतल्या 84 नव्या रुग्णांच्या थुंकीची स्मिअर आणि कल्चर रजिस्टरवरून ताडून बघायची. टेक्निशियन मॅडमनी पहिल्याच दिवशी माध्यमासाठी अंडी फोडायला बोलावलं. मॅलाकाइट ग्रीन घातलेलं ते हिरवं मिश्रण बाटल्यांत भरून, तिरकं ठेवून, तापवून घट्ट करतात. मला वाटलं, हे स्वयंपाकघरातलं काम. लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसलो.

कल्चरच्या रकान्यात 19 जागी काहीच नव्हतं. रिकामं म्हणजे निगेटिव्ह, असं मीच ठरवून एक्सेलमध्ये शून्यं टाकली. तिघांपुढे ‘सी’ होता. तो ‘कम्प्लीट’चा समजून तिथेही शून्य. मॅडम दहा पावलांवर होत्या. विचारलं असतं तर मला कळत नाही हे त्यांना कळलं असतं, म्हणून विचारलं नाही.

मग आठ जण निघाले स्मिअर पॉझिटिव्ह, कल्चर निगेटिव्ह. इथे तरी शंका यायला हवी होती. मी उलट खूश! औषधं सुरू झाल्यावर मेलेले जंतू स्मिअरमध्ये दिसतात पण कल्चरवर उगवत नाहीत, हे वाचलेलं होतं. त्यावर दीड पान लिहून काढलं. ‘उपचार सुरू न झालेले नवे रुग्ण’ हा त्याच फाइलचा मथळा मीच टाइप केला होता. वर सरांना न दाखवता एका विद्यार्थी परिषदेला गोषवाराही पाठवून दिला. शेवटची तारीख होती ना.

सरांनी तक्ता पाहिला आणि मॅडमना हाक मारली. त्या मला इनक्युबेटरपाशी घेऊन गेल्या. माझ्या ‘निगेटिव्ह’ बाटल्या 37 अंशांवर अजून उभ्या होत्या, कुठली तीन आठवड्यांची, कुठली पाच. एकीवर पावाच्या चुऱ्यासारखे पिवळट कण उठले होते.

“ही गेल्या सोमवारी स्वच्छ होती,” मॅडम म्हणाल्या. “आणि ‘सी’ म्हणजे कंटॅमिनेटेड. दुसरेच जंतू वाढलेत. अंडी फोडताना सांगणारच होते.”

गोषवारा मागे घेताना, त्यात सरांचं नाव न विचारता घातलं होतं, हेही कबूल करावं लागलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

परतल्यावर दर सोमवारी मॅडमचा मेसेज यायचा, फक्त बाटलीचा क्रमांक आणि निकाल. हॉस्टेलच्या खोलीत मी एकेक शून्य खोडत गेलो. त्या आठांपैकी सात उगवल्या. आठवीपुढे ‘सी’ आला.